तिसऱ्या दिवसाचा चीक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. कुठून सुरू करू? — आईच्या खरवसापासूनच करतो. राहुरीकडच्या आमच्या गावात तिच्यासारखा खरवस कुणाचा होत नाही. मुलगा म्हणून नाही सांगत. चीक दोन बोटांत धरून ती ओळखते — कितव्या दिवसाचा आहे, दूध किती पेलेल. मग गूळ, जायफळ आणि वाफ. कापलेली वडी ताटलीत उभी राहते. आई शाळेत गेली नाही. पण हे गणित तिचं चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

नगरला कॉलेजात आलो तेव्हा ओळखीच्या एका घरी राहायची सोय झाली. तिथल्या काकू प्रेमळ होत्या — हो, होत्याच. आमची म्हैस व्याली तेव्हा मी आईच्या खरवसाचं कौतुक सांगत बसलो, तर त्या हसल्या. "अरे, खेड्यात नुसता चीक शिजवतात. तू चीक आण, खरवस म्हणजे काय ते मी दाखवते."

ते मला फार झोंबलं.

आईनं चरवी भरून दिली. गाडीत बसेपर्यंत बजावत होती, "तिसऱ्या दिवसाचा हाय रं, पातळ हाय. दूध घालू नका म्हनावं, थेंबभर बी न्हाई."

काकूंनी विचारलं, "निम्मं दूध घालू ना रे?"

मी काय म्हणालो असेन? — "घाला की."

विसरलो नव्हतो. तो बिघडायलाच हवा होता मला.

संध्याकाळी पाहुण्यांसमोर डबा उघडला. आत सगळं ताकासारखं डुचमळत होतं. "वाट्या कशाला? फुलपात्रं आणा!" काका म्हणाले. सगळे हसले. मी — आतून — खूश होतो. मग काकू म्हणाल्या, "चिकातच पाणी होतं. याच्या आईनंच घातलं असणार."

एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही.

रविवारी घरी गेलो. उंबऱ्यातच आईनं विचारलं, "जमला का रं त्यान्ला?"

"लई झ्याक," मी म्हणालो. दिवसभर ती आळीत सांगत फिरली.

पुढच्या वेताला तिनं न मागताच चरवी भरली — या वेळी पहिल्या दिवसाचा, सगळ्यांत दाट चीक. काकूंच्या दारी तो कोणत्या तोंडानं नेणार होतो? नगर स्टेशनाबाहेर बाभळीच्या बुडाशी मी तो ओतला. चरवी नळावर धुतली.

आई अजून सांगते, नगरात माझ्या चिकाचं नाव हाय. मान ताठ करून सांगते. मी शेजारी बसलेला असतो.