सगळ्यात वरचा फोटो

मेसेजच्या अ‍ॅपचं नवं अपडेट आलं की शशिकला मावशी चष्मा पुसून घेत आणि अभिप्राय लिहायला बसत. मनीषनगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बाकीचे लोक 'छान', 'मस्त', 'स्टिकर वाढवा' असं लिहून मोकळे होतात. मावशी मात्र सरकारी अर्ज लिहावा तसं मुद्देसूद लिहीत, एकच तारा देत आणि खाली नाव घालत: शशिकला, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर.

हे मला ठाऊक, कारण ते अभिप्राय वाचण्याचीच नोकरी मी करतो. अ‍ॅपवाल्यांनी हे काम आमच्या नागपूरच्या ऑफिसला दिलं आहे, आणि मराठीतलं सगळं माझ्याकडे येतं, हे मावशींनाही माहीत होतं. डिझाइन, सुविधा, तक्रार असे कप्पे ठरलेले. एकेक अभिप्राय कप्प्यात टाकायचा आणि छापील आभार पाठवायचे. मावशींचे अभिप्राय आम्ही जेवताना मोठ्याने वाचायचो. "या अ‍ॅपमध्ये पाहुणे इतके आणून बसवले का घरच्याले उभं राहा लागते," असं त्यांनी एकदा लिहिलं. चॅनेल आली, दुकानं आली, जाहिराती आल्या, प्रत्येकाचा त्यांनी असाच समाचार घेतला. त्यांचं बरोबर आहे हे कळत होतं, तरी आम्ही हसायचो.

मावशींची सगळी नोकरी ट्रंक एक्सचेंजमध्ये, बाहेरगावचे कॉल जोडण्यात गेली. "मौद्याची लाइन बोर्डावर कुठं आहे, डोळे मिटून सांगत होती मी," त्या म्हणत. "बोर्ड हलवायचा तर पहिले आम्हाले विचारत. हे कोणाले विचारतात गा?" ज्याचा कॉल, त्याचा पहिला शब्द, ही तिथली शिस्त त्यांनी घरीही आणली होती. आपण होऊन त्या बोलणं सुरू करत नसत.

मौद्याला त्यांची थोरली बहीण, गिरजाताई, एकट्या राहत. लिहिता-वाचता येत नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कानाने अधू. फोनवरचं बोलणं त्यांना उमगत नसे, पण आवाजातला निरोप कानाशी धरून त्या चारदा ऐकायच्या. अ‍ॅप त्यांना मीच शिकवलं. मावशींचा फोटो यादीत सगळ्यात वर पक्का केला आणि सांगितलं, "ताई, वाचायचं काम नाही. सगळ्यात वरच्या फोटोवर बोट ठेवायचं अन् माईक दाबून बोलायचं." रोज दुपारी तीनला ताईंचा निरोप येई, मग मावशी उत्तर देत. दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

या हिवाळ्यात एक अपडेट आलं. यादीच्या डोक्यावर, सगळ्यांच्या वर, रंगीत गोलात एआय मदतनीस येऊन बसला. त्याच्याशी काहीही बोला, तो लिहून उत्तर देतो. मावशींनी त्याच दिवशी लिहिलं: "वरची जागा माणसाची आहे, ती रिकामी करा. कोणी तिथं बोट ठेवून आपल्या माणसाशी बोलत असते." मी ते 'डिझाइन'च्या कप्प्यात टाकलं आणि आभार पाठवले. संध्याकाळी मावशींनी जिन्यात गाठून विचारलं, "ताईच्या फोनमध्ये बी हे आलं असन का गा?"

"छे, तो फोन जुना आहे," मी न पाहताच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचे निरोप बंद झाले. त्याआधी दोघींत खटका उडाला होता. संक्रांतीला येते असं सांगून मावशी मौद्याला गेल्याच नव्हत्या. "फुगून बसली असन," त्या म्हणाल्या. "कॉल तिचा आहे. तिले बोलू दे पहिले." नऊ दिवस त्या तीन वाजता फोन मांडीवर घेऊन बसल्या. दहाव्या दिवशी ताईंच्या शेजारणीने कळवलं की ताई गेल्या.

आठवड्याने मावशींनी ताईंचा फोन माझ्यापुढे ठेवला. मी सगळ्यात वरच्या गोलावर बोट ठेवलं. तिथे नऊ निरोप होते, रोज दुपारी तीनचे. प्रत्येकाखाली मदतनिसाचं लेखी उत्तर: 'नमस्कार! मी आपली काय मदत करू शकतो?'

"लाव," मावशी म्हणाल्या.

पहिल्या निरोपात गुडघ्याचं गाऱ्हाणं होतं आणि तिळगुळावरून एक टोमणा. पाचव्यात छातीत जळजळ. सातव्यात, "एक चक्कर मारून जा वं, शशे." शेवटच्या निरोपात आवाज पार बसला होता.

"काहून रागावली वं एवढी? मी बोलून राहिली अन् तू नुसती लिहून राहिली. मले वाचता येत नाही, तुले माहीत आहे ना."

मावशींनी फोन उपडा ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मी लिहिलं होतं ते तू वाचलं होतं ना?"

"हो."

"अन् ताईचा फोन पाह्यला होता?"

"नाही."

त्या उठल्या, दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत धरून उभ्या राहिल्या. आता जिन्यात समोरासमोर आलो तर त्या भिंतीला लागून थांबतात आणि मला जाऊ देतात. माझी लाज मला पुरते, त्यांनी आणखी काही बोलायची गरज नाही.

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं की मदतनिसाशी रोज बोलणारे लोक वाढले आहेत, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचा प्रतिसाद विशेष चांगला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.