ओल्या फळ्यांवरचं तेल

आज दाराला लावायला करंजाच्या तेलाची बाटली उघडली आणि वासासरशी नवेगावबांधच्या तलावावरचे मामा समोर उभे राहिले. नावेच्या तळाच्या फळ्या आधी उन्हात वाळवायच्या, मगच तेल चोळायचं, नाहीतर बुरशी धरते, हा त्यांचा नियम. पण त्या वर्षी हे काम माझ्याकडे होतं आणि मला गावच्या नाटकात राजा व्हायचं होतं! तालमीच्या घाईत मी ओल्या फळ्यांवरच तेल फासलं.

“वाळवल्या काय बे?”

“खडखडीत, मामाजी!”

तेलाखाली बुरशी माजली. जाळं फेकताना मामा घसरले, कंबर मोडली, पुन्हा नावेत उभे राहिले नाहीत. मामीला म्हणाले, “माहाच पाय चुकला.” मला खाटेवरून एवढंच विचारलं, “राजा झाला तं टाळ्या पडल्या काय बे?”

खूप पडल्या होत्या. मी म्हणालो, “नाही.” अजूनही टाळ्या पडल्या की मी आधी पायाखाली बघतो.