दम लागेल त्या पायरीवर

देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्याकडे काही मागायची सवय नव्हती. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणी माल मागायला आलं की मी आधी विचारते, खरंच लागतो का? हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारायचे आणि देवाचा वेळ वाचवायचे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पडले, तेव्हा तर मागण्याइतकाही दम उरला नव्हता. म्हणून सासूबाईंनी परस्पर मागून टाकलं. सून बरी झाली तर ती स्वतः अंबरनाथच्या शिवमंदिरात, गाभाऱ्यात उतरून पिंडीवर बेल वाहील, असा नवस त्या बोलल्या. "तुमच्या नावाने बोलायचा होतात की," मी नंतर म्हटलं. "माझे गुडघे उतरू देत नाहीत गं," त्या म्हणाल्या.

बरी झाले म्हणजे घरी आले, इतकंच. आजार गेला, पण फुप्फुसांवर त्याच्या खुणा राहिल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्ष उलटलं तरी सपाटीवर मी चालायचे आणि चढ आला की छाती आतून कडी लावून घ्यायची. बोलतानाही वाक्याआधी श्वास संपायचा आणि घरातले सोयीचा अर्धा भाग उचलायचे. "भाजी आणा, पण वांगी..." एवढ्यावर मी थांबले की मिस्टर वांगी घेऊन यायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं स्वातंत्र्य कधी मिळालं नव्हतं.

खरा प्रश्न घराचा होता. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. डॉक्टरकडे जायचं तर मी उतरायचे आपली आपण, पण परत येताना मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायचे. खुर्चीचे पुढचे पाय मिस्टरांच्या हातात, मागचे तळमजल्यावरच्या शिंदेभाऊंच्या. प्रत्येक मजल्यावर दारं उघडायची, लोक हळहळायचे. पालखीतल्या देवाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. फार अवघडल्यासारखं वाटतं. शिंदेभाऊंना माझी काळजी जरा जास्तच होती. "वहिनी, तुम्ही खाली या, आम्ही वर जातो. अदलाबदल करू. तुमच्या तब्येतीपुढे काय आहे?" असं ते खुर्ची उचलताना दर वेळी म्हणायचे. नदीला पूर आला की त्यांच्या घरात पाणी शिरतं, त्यांचा फ्रिज वर्षातले चार महिने टेबलावर उभा असतो, हे ते सांगायचे नाहीत. पण मिस्टरांचे हात भरून यायला लागले होते. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी मला न विचारता शिंदेभाऊंना शब्द दिला. मंगळवारी बसून पक्कं करायचं ठरलं.

मी भांडले, पण अर्ध्या अर्ध्या वाक्यांत, म्हणजे हरलेच. ते घर मी उभं केलं होतं. त्या खिडकीतून नदी दिसते आणि नदी तिथूनच बरी दिसते. सोमवारी सकाळी मी म्हटलं, "चला, नवस फेडून येऊ." घर जायचंच असेल तर निदान देणी ठेवून जायला नको, एवढाच हिशेब होता. भक्तीचं नाव घेतलं तर खोटं होईल.

अंबरनाथचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथला गाभारा खाली आहे. दगडी पायऱ्या उतरून महादेवाकडे जायचं आणि त्याच पायऱ्या चढून परत यायचं. मिस्टर चपला राखत बाहेर थांबले. "वर कशी येशील?" त्यांनी विचारलं. "उतरणं जमतं मला," मी म्हटलं. हप्त्यावर टीव्ही घेणारा माणूस असंच बोलतो.

खाली पिंडीवर बेल वाहिला. सासूबाईंचं काम झालं. मग स्वतःसाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं. मोघम मागणी मला चालत नाही, म्हणून नेमकं बोलले, "तिसरा मजला, माझ्या पायांनी." आणि वळले.

दोन-तीन पायऱ्या चढले असेन. सोमवार असल्यामुळे मागून रेटा होता. "चला, चला, पुढे सरका" असा गलका चालला होता. छातीने कडी लावली. हवा होती, पण माझ्यासाठी नव्हती. क्षणभर मला इस्पितळातली ती खाट दिसली, शेजारची रिकामी झालेली खाट दिसली, आणि मी खरंच घाबरले. मला मरायची भीती वाटत होती, आणि तेवढीच लाज वाटत होती की माझ्यामुळे एवढी माणसं खोळंबली.

तेवढ्यात कोणीतरी माझा पदर धरून खाली ओढलं. पायरीच्या कडेला भिंतीला टेकून एक जाडजूड बाई बसल्या होत्या. चकचकीत जांभळा सलवार-कमीज, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर अजिबात संकोच नाही.

"बैठ जा. महादेव को कोई गाडी पकडनी है क्या?"

"लोक..." मी म्हटलं.

"लोग कहाँ जाएगा? मेरा घुटना उठेगा तब जाएगा ना. हम उल्हासनगर से आया है, इतने पैसे में बैठने का भी हक है."

मी बसले. इस्पितळात शिकवलं होतं तसं केलं. डोळे मिटायचे, नाकाने श्वास आत घ्यायचा, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, हळूच बाहेर सोडायचा. हात आपसूक मांडीवर जोडले गेले.

मागून एका बाईंचा आवाज आला. "ताई, इथं बसायचं असतं का?"

बोलायला दम नव्हता. जरा थांबा, अशा अर्थाने मी हात वर केला. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि त्या खालच्या पायरीवर बसल्या.

"आणि फुंकायचं किती वेळा?"

"गिनने का नहीं," सिंधी बाई गंभीरपणे म्हणाल्या. "अंदर का सारा टेन्शन बाहर फेंको, बस."

त्या बाईंनी फुंकर मारली. त्यांच्या मागच्या दोघी बसल्या. त्यांच्या मागे हातात हेल्मेट घेतलेला एक गृहस्थ होता. तो म्हणाला, "मला ऑफिसला जायचंय हो." त्याच्या आईने त्याला दटावलं, "देवाच्या दारात घाई करतोस? बस खाली." तोही फुंकू लागला. वरून उतरणारे थबकले. "काय चाललंय?" कोणीतरी विचारलं. खालून एका आजोबांनी ठणकावून सांगितलं, "इथला विधी आहे. पूर्वापार. आमच्या वडिलांनी आम्हाला असंच वर आणलं होतं."

मी डोळे उघडले. बाईंनी मला कोपराने ढोसलं. "हँस मत, सांस जाएगा. चल, उठ."

आम्ही उठलो, सगळी रांग उठली. पुन्हा दम लागला तिथे आम्ही बसलो, सगळी रांग बसली. त्या दगडी काळोखात फू-फू एवढाच आवाज होता. कोणी रेटत नव्हतं, कोणी "पुढे सरका" म्हणत नव्हतं. माझ्या फुप्फुसांना जो वेग झेपत होता, त्याच वेगाने सगळी माणसं महादेवाकडून वर येत होती. हा विधी नाही, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तेव्हा श्वास वाचवायचा होता, आणि नंतर मला स्वतःलाच तेवढी खात्री राहिली नाही.

बाहेर उजेडात आले तर मिस्टर एका फूलवाल्याकडून खुर्ची मागून घेऊन उभे होते. "हे सगळे काय करतायत?" त्यांनी मागे बघत विचारलं.

"विधी आहे," मी म्हटलं. वाक्य पूर्ण झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

अशा अनुभवांत मदत करणारी व्यक्ती वळून पाहेपर्यंत दिसेनाशी होते, असं मी ऐकलं होतं. या बाई दिसेनाशा झाल्या नाहीत. त्या त्याच खुर्चीत बसल्या, मिस्टरांकडून चहा मागवून प्यायल्या आणि ब्लाउजपीस लागलं तर उल्हासनगरला त्यांच्या दुकानातच यायचं, असं बजावून रिक्षाने गेल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "पागल है क्या? फिर से दम लगेगा."

बिल्डिंगखाली शिंदेभाऊ खुर्ची घेऊन हजर होते. मी तिच्या शेजारून गेले आणि पहिला जिना अर्धा चढून सरळ पायरीवर बसले. वर्षभर मी हे केलं नव्हतं, कारण चांगल्या घरची बाई जिन्यात बसत नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या. "अगं बाई, काय झालं?"

"काही नाही. बसलेय."

"मग मीही बसते," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या तक्रारी सांगू लागल्या. त्या अर्ध्यावर असताना मी उठले. असं बसत, फुंकत, लोकांचं ऐकून घेत, भात शिजेल एवढ्या वेळात मी तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि बेल वाजवली. दार उघडून सासूबाईंनी आधी माझ्या मागे खुर्ची शोधली. ती नव्हती. मग त्या देव्हाऱ्याकडे गेल्या.

मंगळवारची बैठक झाली नाही. शिंदेभाऊंना मी सांगितलं, "घर मिळणार नाही. पण पाणी चढलं की मुलाबाळांना घेऊन सरळ आमच्याकडे यायचं." ते जरा हिरमुसले, मग हसले. त्या पावसाळ्यात दोन रात्री आले.

डॉक्टरांनी पुढच्या वेळी एक्स-रे पाहिला. खुणा जागच्या जागी आहेत. म्हणजे चमत्कार झाला का, यावर मी वाद घालणार नाही. मी श्वास मागितला नव्हता, मजला मागितला होता, आणि तो मिळाला. सगळ्यांच्या पुढे राहायचं, कोणाला खोळंबवायचं नाही, हा माझा जन्माचा हट्ट मात्र महादेवाने खाली गाभाऱ्यात ठेवून घेतला. परत मागायला मी गेलेले नाही.

कामावर आता जाते. संध्याकाळी दिवा लावते. पूर्वी काडी विझायच्या आत मी स्वयंपाकघरात असायचे. आता तिथेच जरा टेकते. काही मागत नाही, फारसं बोलतही नाही. एक श्वास आत येतो, बाहेर जातो, आणि त्याच्यामागून दुसरा येतो. येतोच, हे कळल्यापासून मी हात जोडते.