गोळ्यांची वाटणी

मावशीच्या हाताला माप होतं. भात कितीही कमी असो, तिने चौघांपुढे वाढला की कुणाचा ढीग कुणापेक्षा उंच दिसायचा नाही. मुलींच्या वसतिगृहात तिने उभी हयात वाढप केलं होतं. वसतिगृह बंद पडलं आणि त्यामागची तिची खोलीही गेली. मग ती भाचीकडे राहिली. भाचीचा नवरा तोंडावर कधी काही बोलला नाही, पण मावशी स्वयंपाकघरात शिरली की तो उठून गॅलरीत जायचा. एके दिवशी ‘जरा जाऊन येते’ म्हणून ती निघाली आणि परत गेली नाही.

कुलूप लागलेल्या एका कचेरीच्या पोर्चमध्ये तिला जागा मिळाली. तिथे आधीपासून तिघं होते. पेंटर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि त्याचे ब्रश वाळले. हमाल बाजारात पोती उचलायचा, मानेने जाड आणि डोक्याने तापट. आणि आजोबा. ते कुणाचे आजोबा, हे त्यांनाही धड आठवत नव्हतं.

मावशी आली तसा पोर्चला एक कायदा आला: जे मिळेल ते आधी मावशीपुढे. हॉटेलातला उरलेला भात, कुणी दिलेली बिस्किटं, साबणाची वडी, सगळं. मावशी वाटणार, मग घ्यायचं. मध्यंतरी राहायला आलेल्या एकाने केळी उशाखाली लपवली होती. त्याला कुणी हाकललं नाही, नुसतं बोलणं टाकलं. तो आपणच गेला.

मग बाजाराच्या कोपऱ्यावर तपासणीची गाडी यायला लागली. रस्त्यावर राहणाऱ्यांना आजाराने गाठायच्या आधी आपण गाठायचं, असा तिचा हेतू. गाडीच्या दारात स्टूल टाकून एक सिस्टर बसायची. मावशीने तिघांनाही नेऊन रांगेत उभं केलं.

“सिस्टर, पट्टा आवळून बांधा हो,” पेंटर दंड पुढे करत म्हणाला. “नाहीतर पळून जायचो.”

“बोलू नका. बोललं की आकडा चढतो.”

“मग आमच्या हमालाला बघा. तो बोलत नाही, नुसताच चढतो.”

सिस्टर हसली. आकडा पाहून थांबली, आणि तिने पुन्हा मोजलं.

“डोकं दुखतं? चक्कर येते?”

“भूक लागते.”

“ती मलाही लागते. दादा, तुमचं ब्लडप्रेशर फार आहे.”

“मला तर काहीच होत नाही.”

“तेच तर वाईट. काही होत नाही, होत नाही, आणि एक दिवस अर्धं अंग जातं. म्हणून काही व्हायच्या आत गोळी घ्यायची. रोज सकाळी एक. ह्या महिनाभराच्या. तोवर मी परत येतेच.”

हमालाचं सगळं ठीक निघालं. त्याचं त्याला जरा वाईटच वाटलं. आजोबांचा दाब कमी होता. “ह्यांना पोटभर खायला घाला,” सिस्टर म्हणाली. मावशीने स्वतःचा हात पुढे केलाच नाही. “माझं राहू द्या. ह्यांचं झालं ना, बास.”

पोर्चमध्ये आल्यावर पेंटरने गोळ्या खिशातून काढून मावशीपुढे ठेवल्या, पाव ठेवायचा तशा.

“ह्या तुझ्या एकट्याच्या,” मावशी म्हणाली.

“का बरं?” हमाल म्हणाला. “त्याला काही होतंय का?”

“नाही.”

“मला?”

“नाही.”

“सिस्टर काय म्हणाली? काही व्हायच्या आत घ्यायची. मग आपल्यालाही अजून काहीच झालेलं नाही. पाठीवर पोतं असताना माझं अर्धं अंग गेलं, तर मावशी, तू उचलणार मला?”

मावशीला यात खोट सापडेना. तापाचं औषध ताप असलेल्यालाच द्यायचं, एवढं तिला कळत होतं. पण इथे कुणालाच ताप नव्हता. पेंटर जितका ठणठणीत, तितकाच हमाल. पेंटरही म्हणाला, “वाट गं. मी एकटा गिळत बसलो तर घशात अडकेल.” तिने ब्लेडने पट्ट्या कापल्या आणि रोज सकाळी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायला सुरुवात केली. आपल्या वाट्याची गोळी ती आजोबांना द्यायची. त्यांना जास्त घाला, असं सिस्टरनेच सांगितलं होतं.

आठवड्यात गोळ्या संपल्या. तोवर आजोबा दोनदा नळाजवळ पडले होते. दुसऱ्यांदा त्यांची भुवई फाटली. मावशीने ते उपासमारीवर ढकललं आणि आपला पावही त्यांना देऊ लागली.

गाडी परत आली तेव्हा पेंटरचा आकडा होता तिथेच होता.

“गोळ्या घेतल्या?”

“घेतल्या की,” पेंटर म्हणाला.

“मग असं कसं? विकल्यात का?”

“विकतोय कशाला?” मावशीला ते झोंबलं. “वाटल्या. चौघांना सारख्या.”

सिस्टरने आजोबांच्या भुवईकडे पाहिलं आणि पट्टा खाली ठेवला. “मावशी, ह्यांचा दाब आधीच कमी, तो तुम्ही आणखी उतरवलात. आणि ज्याला हव्या होत्या, तो तीन आठवडे कोरडा राहिला.”

“दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, हे तुम्ही कुठे सांगितलंत?”

“ते सांगावं लागेल, असं वाटलं नाही मला,” सिस्टर म्हणाली. या वेळी नव्या गोळ्या देताना तिने ते सांगितलं, तेही दोनदा.

त्या दिवसापासून मावशी गोळ्या आपल्या पिशवीत ठेवू लागली. सकाळी पेंटरला एक द्यायची आणि तो पाणी पिईपर्यंत समोर उभी राहायची. बाकीचे बघत असायचे. इतकी वर्षं वाढलं, पण बघणाऱ्यांना वगळून एकालाच देणं तिला कधी जमलं नव्हतं. ती मान खाली घालून द्यायची.

“वा मावशी! वाढपी ओळखीची निघाली म्हणायची!” हमाल म्हणाला. पहिल्या दिवशी ते थट्टेत गेलं. मग तो बाजारातच खाऊन येऊ लागला, मावशीपुढे काही ठेवेनासा झाला आणि पेंटरशी त्याने बोलणं टाकलं. पेंटरला उपास चालला असता, अबोला चालेना. तो एकटाच विनोद करायचा आणि एकटाच हसायचा.

काही दिवसांनी दोघं पुन्हा बोलू लागले. हमालाने एकदा पावांची पिशवी आणून मावशीपुढे ठेवली. आपण हमालाची समजूत घातली होती ती लागू पडली, असं तिने धरलं.

मग एका सकाळी पेंटर काहीतरी गमतीचं सांगायला लागला आणि शब्द तोंडातून तिरके पडू लागले. आधी सगळे हसले. तो नक्कल करतोय असंच वाटलं. त्याच्या उजव्या हातातून पेला सुटला तेव्हा मावशी ओरडली. हमालाने त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळत गेला.

मावशी मागून पोचली तेव्हा हमाल बाहेरच्या बाकावर धापा टाकत होता.

“मावशी, तो मला देत होता.”

“काय देत होता?”

“गोळी. तुझ्यापुढे जिभेखाली धरायचा, नि कोपऱ्यावर येऊन माझ्या हातावर ठेवायचा. ओली असायची. म्हणायचा, ओझी तू उचलतोस, तुझं अंग आधी जाईल.”

“आणि तू घेतलीस?”

“घेतली.”

मावशीने तोंड फिरवलं. हमाल उठून गेला. त्या दिवशी तो पोर्चमध्ये आला नाही, आणि नंतरही नाही.

वॉर्डात प्रत्येक खाटेशी ज्याच्या त्याच्या गोळ्या ठेवलेल्या असत. मावशी रोज जाऊन बसायची. पेंटरची गोळी चुरून पाण्यात घालून देत. अर्धी हनुवटीवर ओघळायची, ती मावशी चमच्याने परत तोंडात ढकलायची. “का रे असं केलंस?” तिने एकदा विचारलं. त्याने काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातला एकही शब्द शब्दासारखा नव्हता.

“घरी कधी नेताय?” वॉर्डातल्या मामांनी विचारलं. “खाट रिकामी करायला सांगितलीय.”

“नेऊ की. काय काय करावं लागेल?”

“दिवसातून चार-पाचदा कूस बदलायची. संडासला उचलून न्यायचं. गार फरशीवर टाकून चालायचं नाही. तुमच्याने एकटीने नाही व्हायचं, आजी. उचलणारा दणकट माणूस हवा.”

“आहे एक,” मावशी म्हणाली. “विचारून सांगते.”

त्याच दुपारी ती बाजारात गेली. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेल्या हमालांना तिने आपल्या हमालाची खूण सांगितली.

“तो होय? त्याला काढला मुकादमाने,” एक जण म्हणाला. “चांगला गडी होता हो. पण हल्ली पाठीवर पोतं घेऊन मध्येच उभा राहायचा. हात हलवून बघायचा, पाय हलवून बघायचा. मागच्यांचा खोळंबा. कुठे गेला, काही बोलला नाही.”

दुसऱ्या दिवशी मावशीने मामांना सांगितलं, माणूस गावाला गेलाय, येईल, तोवर दोन दिवस ठेवा. मामांनी ऐकून घेतलं आणि पेंटरला कुशीवर वळवून ते त्याच्याखालची चादर काढायला लागले.