डिझेल बंद झालं त्या वर्षीची सोयरीक

माझी जमत आलेली सोयरीक एका फ्रेंच कंपनीमुळे मोडली, असं आमच्या इंझोरीत अजून सांगतात. कंपनीला याची खबर असण्याचं कारण नाही. प्रदूषणाचे नवे नियम आले आणि तिनं त्या वर्षी भारतात डिझेलच्या गाड्या बंद केल्या, एवढंच. तिच्या इतिहासात त्याला एखादी ओळ मिळाली असेल. आमच्या ओसरीत त्यावर बैठकांवर बैठका झाल्या.

मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडचा. भरपूर शेती, दारात ट्रॅक्टर. आम्ही हुंडा घेत नाही, हे त्याच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत असं काही सांगितलं, की आता कुणीतरी उठून त्यांना शाल घालावी. मग चहा झाला. मुलीला माहेरी यायला-जायला सोय म्हणून तुम्ही एक गाडी आनंदानं द्यालच, असं त्यांनी आमचा आनंद गृहीत धरून ठरवून टाकलं. गाडीही निवडून ठेवली होती. त्याच कंपनीची, उंच, पांढरी, आणि डिझेलचीच. ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम घरात भरलेलाच असतो, त्यातून नळीनं गाडीत घेतलं की वेगळा खर्च नाही, हे त्यांनी बाबांना हातवारे करून समजावलं. म्हणजे गाडी आमची, आणि तिला फुकटात कसं पाजायचं याचा विचारही आधीच झालेला.

बाबा अकोल्याच्या शोरूमला जाऊन आले. डिझेलची आता येणारच नाही, असं तिथल्या पोरानं सांगितलं. पुढच्या बैठकीत हे ऐकून मुलाचे वडील बाबांवर असे नाराज झाले, जणू फ्रान्समधला कारखाना बाबांनीच कुलूप लावून बंद केला होता. नागपुरात विचारा म्हणाले. एवढ्या मोठ्या कंपनीजवळ एखादी उरलेली असेलच, अशी त्यांची खात्री होती. बाबा मान डोलावत राहिले.

मला मुलगा आवडला होता. रोज संध्याकाळी फोन करायचा, माझ्या बोलण्याची नक्कल करून हसवायचा. या सगळ्या तमाशात तो एकदा तरी म्हणेल, की जाऊ द्या ती गाडी, याची मी वाट पाहत होते. पण हळूहळू त्याच्या फोनमध्ये माझ्यापेक्षा गाडीच जास्त येऊ लागली. कधी तिची उंची, कधी डिकी. शेवटी मीच विचारलं, गाडी मिळालीच नाही तर?

"तर थांबू ना एखादं वर्ष," तो म्हणाला. "दुसरी एखादी कंपनी काढनच अशी डिझेलची. घाई कायले पाह्यजे?"

एका इंजिनासाठी वर्षभर थांबायला निघालेला हा नवरदेव मला तिथेच पुरे झाला. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण रडू आलं नाही. ओसरीत बाबा बसले होते. त्यांना म्हटलं, नाही म्हणून कळवून द्या, मला हे घर नको.

बाबा चिडतील असं वाटलं होतं. ते उलट हसले.

"थांब ना माय. दुपारीच बोललो मी त्याईच्यासंगं, पोराले अजून सांगतलं नसन त्याईनं. पेट्रोलची चालते म्हणे. फक्त पेट्रोल आपण टाकत राहाचं."

"कुठवर?"

"ते काही बोलनं नाही झालं," बाबा म्हणाले. चांगली बातमी आणल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर तसंच होतं.

त्या लोकांना मी आजही हसते. ते परके होते, हावरे होते, विषय संपला. बाबांना मात्र मला हसता आलं नाही. माझ्या नावानं जन्मभराची टाकी भरायला ते कबूल होऊन बसले होते, आणि मला त्यातलं काही विचारावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

मुलाच्या वडिलांना फोन मग मीच लावला.