हात काढा आधी

"यांना इतके दिवस झोपवून ठेवायला सांगितलं कोणी?"

रत्नागिरीच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं, तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. सून सायली ओढणीशी चाळा करत बसली. घरात माझ्या वतीने बोलायला हेच सगळे पुढे असायचे.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तिला सूज येते आणि जग गरगर फिरायला लागतं. "ती सूज उतरून गेली असणार," त्या म्हणाल्या. "आता जे होतंय ते आजारापेक्षा आरामाने होतंय." मला इतका संताप आला, की तिथल्या तिथे टेबलावर हात आपटला. आपटताना तोल गेला, आणि सायलीने धरलं. त्याचा आणखी राग आला.

मी पूर्णगडची. नवरा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि मी मासळी विकणारी. आमच्याकडे होडी काठाला टेकत नाही, थोडी आत पाण्यात उभी राहते. आम्ही बायका मांडीभर पाण्यात शिरतो, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी, आणि लाटांमधून वाळूवर येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच केलं. पाटीला हात लावायची गरज मला कधी पडली नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत एका सकाळी मी उठून बसले आणि घर फिरायला लागलं. चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येते तशी नव्हे. भिंत सरकत होती, थांबतच नव्हती. पोटात होतं नव्हतं ते सगळं उलटून पडलं. नवरा धावत आला, मला बघितलं आणि चक्क हसला.

"काय झालां गो? जमिनीवर बोट लागली तुला?"

इथेच घात झाला. बोट लागलेल्या माणसाचं काय करायचं हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. नवखा खलाशी पहिल्यांदा बाहेर गेला आणि ओकायला लागला, की त्याला आडवा करतात, डोळे मिटायला सांगतात, तोंडात लिंबाची फोड देतात आणि काठ येईपर्यंत हलवत नाहीत. मलाही तसंच केलं. खिडकीला चादर लावली. उशीच्या दोन्ही बाजूंना घड्या घातलेली गोधडी, का, तर मान हलू नये. पण समुद्रावरच्या माणसाला काठ तरी येतो. मी काठावरच होते, मला कुठला काठ येणार?

जवळच्या डॉक्टरांनी चक्कर थांबायची गोळी दिली. काही दिवसांपुरती असेल, त्यांनी सांगितलंही असेल. घरच्यांनी ती पावसाळाभर चालू ठेवली. गोळी घेतली की गुंगी, गुंगी आली की झोप, आणि झोप लागली की सगळे खूश. "हिला बरं वाटतंय." अरे, बरं वाटायला मी जागी तरी होते का?

होड्या वर असल्याने माझी सेवा करायला सगळ्यांना वेळच वेळ. संडासापर्यंत दोघंजण दोन बाजूंनी धरून न्यायचे. चूळ भरायला तांब्या तोंडाशी. शेजारीण येऊन म्हणायची, "नशीबवान हो तुम्ही, किती करतात तुमचं!" आणि मी पडल्या पडल्या खरंच स्वतःला नशीबवान समजत होते. डोंबल माझं नशीब!

नारळीपौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि मला ओटीची पायरी उतरता येईना. पाय दारू प्यायल्यासारखे. चक्कर येईल या भीतीने मान इतकी आखडून धरली होती, की मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे, टेम्पो वळवतात तसं. पाठ सुक्या बोंबलासारखी ताठ. खाली बसून विळीवर मासा कापणं दूरच, खाली बसले तर उठवायला माणूस लागायचा. एका संध्याकाळी नवरा प्रेमाने म्हणाला, "आता पुरे झालां. पाटी सायली नेईल, बाजारातली जागापण तीच बघेल. तू घरात बस आरामात."

सायली गुणाची पोर आहे, तिच्यावर राग नाही. पण ती जागा माझी, पाटी माझी. गावात मला ओळखतात ते त्या पाटीवरून. तीच काढून घेतली तर उरतं काय, गोधडीतली बाई? त्या दिवशी मी हट्ट धरला, की मला रत्नागिरीला न्या, मोठ्या डॉक्टरला दाखवा. नाही तर मी सरपटत जाईन.

तर डॉक्टरीणबाई. त्यांनी मेंदूचा एमआरआय काढून घेतला, दुसरं काही नाही याची खात्री करायला. पाय जुळवून डोळे मिटायला लावले, मी डावीकडे कोसळले. डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावली. मला वाटलं मी सरळ उभी आहे, डोळे उघडले तर तोंड भिंतीकडे. मग त्यांनी समजावलं. एका कानाची नस दुबळी झाली, की मेंदू डोळे आणि पाय यांच्याकडून तोल नव्याने शिकतो. पण हललं तरच शिकतो. "चक्कर येईल, तरी हला. भिंतीजवळ हला. आणि घरच्यांनो, यांचा हात सोडा. तुम्ही धरलंत तर यांचे पाय शिकणार कसे?" गोळी त्यांनी बंद केली. आधी मान फिरवायचे व्यायाम दिले, मग म्हणाल्या, योगाच्या वर्गाला जा, फक्त डोकं खाली घालायची आसनं आत्ता नकोत.

गावात शाळेच्या पडवीत एक निवृत्त मास्तरीणबाई वर्ग घेतात. मी गेले तर चटया जरा लांब सरकल्या. मासळीचा वास! खाताना येत नाही तो यांना. मी भिंतीजवळची जागा धरली आणि मुद्दाम रोज तिथेच बसले.

ताडासन म्हणजे सरळ उभं राहणं. ऐकून मला हसू आलं, आणि टाचा उचलताच मी भिंतीवर आदळले. वृक्षासन, एका पायावर उभं राहायचं, नजर समोर एका जागी. माझी नजर भिंतीवरच्या शेवाळाच्या डागावर. "चेहरा सैल सोडा, मन शांत ठेवा," मास्तरीणबाई म्हणायच्या. मी म्हटलं, "बाई, मन शांत केलं तर मी पडेन. रागावरच उभी आहे मी." त्या खो खो हसल्या. त्यानंतर मला कधी शांत व्हायला सांगितलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

आणि खरंच सांगते, रागानेच झालं. रोज मळमळायचं. रोज वाटायचं, जावं आणि पडावं गोधडीत. मग ती गोधडी आठवायची आणि मी पुन्हा पाय उचलायचे. हळूहळू मान सुटली. पाठ वाकायला लागली. एका दुपारी मी आपली आपण जमिनीवर बसले, बांगडे साफ केले आणि आपली आपण उठले. घरात कोणाला पत्ता नाही. मी एकटीच रडले, रागाने नव्हे त्या वेळी.

तुमच्या घरात कोणाला अशी गरगर झाली तर आधी डॉक्टर गाठा. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातापायातलं बळ गेलं, तर मोठ्या हॉस्पिटलात तडक पळा. आणि डॉक्टरांनी हलायला सांगितलं की त्या माणसाला हलू द्या. मायेने मारू नका हो त्याला.

थंडी पडायला लागली तेव्हा मी चुंबळ काढली. नवरा नको नको म्हणत होता, सायलीने मात्र गुपचूप पाटी माझ्या हातात दिली. पाण्यात शिरले. अर्धीच पाटी भरा म्हटलं, तेवढं शहाणपण मला आहे. नवऱ्याने पाटी माझ्या डोक्यावर ठेवली, होडीतून खाली उतरला आणि माझं कोपर धरून चालायला लागला.

"हात काढा आधी."

"पडशील गो!"

"पडू दे. हात काढा!"

त्यांनी काढला. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, मी डावीकडे झुकले. देवळाच्या कळसावर नजर रोवली आणि त्या लाटेला, त्या गोळीला, त्या गोधडीला तोंडात येतील त्या शिव्या घातल्या. पाय सापडले. मी चालत राहिले.

वाळूवर पोचल्यावर मागे बघितलं, नुसती मान वळवून. हे तिथेच पाण्यात उभे होते, हात तसाच पुढे धरून, मला न लावलेला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यासाठी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तोंडाने मात्र मी ओरडले, "बघत काय राहिलात? दुसरी पाटी भरा!"