शून्य सेकंदाला सातशे फेरे

धनराज पुण्याची नोकरी सोडून आला की नोकरीनंच त्याला सोडलं, हे त्यानं रिसोडात कुणालाच नीट सांगितलं नाही. सोबत लॅपटॉप आणला आणि आपल्या लोकांना डिझाइन कळत नाही हे वाक्य आणलं. दोन्ही तो सारखाच उघडायचा.

वाशीम रोडवर गफ्फारभाई मळणीयंत्रं बनवतात. तीस वर्षं ते फरशीवर खडूनं आकृती काढून काम करत आले. धनराज त्या खडूला हसला. तरीही त्या भल्या माणसानं नव्या चाळणीचं डिझाइन त्यालाच दिलं.

स्क्रीनवर मळणीयंत्र एकही धक्का न खाता फिरायचं. त्याचा व्हिडिओ धनराजनं महिनाभर स्टेटसला ठेवला. गफ्फारभाईंची मुलगी नमरा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं एकच विचारलं, "सर, ड्रमचा सुरुवातीचा वेग किती टाकला?"

"मिनिटाला सातशे फेरे. मशीन सातशेवरच चालते."

"चालते. पण सुरू तं शून्यापासून होते ना?"

धनराज गालात हसला आणि पोरीला मधे बोलू देऊ नका, असं त्यानं गफ्फारभाईंना सांगितलं.

त्या डिझाइनवरून गफ्फारभाईंनी यंत्र बनवलं आणि सोयाबीन निघाल्यावर बबनराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात चाचणी ठरली. तीसेक माणसं जमली, त्यांत मीही. ड्रायव्हरनं ट्रॅक्टरचा क्लच सोडला, यंत्राला हिसका बसला आणि चाळणी हलवणारा दांडा जागच्या जागी वाकला. मग धनराज सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "लोखंड हलकं वापरलं यायनं."

गफ्फारभाईंनी आयुष्यात हलकं लोखंड वापरलं नाही. ते वाकलेल्या दांड्यावरून नुसता हात फिरवत राहिले.

नमरानं लॅपटॉप मागितला. इतक्या लोकांसमोर धनराजला नाही म्हणता येईना. तिनं ट्रॉलीच्या कडेला लॅपटॉप टेकवून सुरुवातीचा वेग शून्य केला, चाळणीवर मालाचं वजन टाकलं आणि पुन्हा चालवलं. पहिल्या अर्ध्या सेकंदातच दांड्यावरच्या जोराची रेघ सरळ वर चढून स्क्रीनबाहेर गेली. तिनं ती बबनरावांना समजावून सांगितली.

बबनराव धनराजकडे वळले. "म्हंजे मशीन चालू होतानी काय होते, हे तू पायलंच नाई?"

बॅटरी संपत आली, असं म्हणून धनराजनं झाकण लावलं आणि गाडीला किक मारली. गफ्फारभाईंची माफी त्यानं तेव्हा मागितली नाही आणि नंतरही नाही.

नमरानं उभं यंत्र, अर्धी भरलेली चाळणी, पूर्ण भरलेली चाळणी अशा सगळ्या सुरुवाती तपासल्या. दांडा जाड झाला. ते यंत्र आता अनसिंग गावाकडे चालतं.

धनराजनं वाशीमला डिझाइनचा क्लास काढला. हाताची घडी घातलेला त्याचा फोटो फ्लेक्सवर आहे आणि खाली हेच यंत्र, त्याचं डिझाइन म्हणून. नमरा फ्लेक्स उतरवायला निघाली होती. गफ्फारभाईंनी तिला अडवलं, राहू दे म्हणाले. मला ते अजिबात पटलं नाही.